मदत हवी: कॉम्प्युटरवर फोन येतो, पण बाहेर लागत नाही

मोर्शीरोड:
कालपासून कॉम्प्युटरवरून एकही फोन लागून नाही राहिला. येणारे बरोबर येतात. लावला की रिंग नाही, एंगेज नाही, थोड्या वेळाने आपोआप कटते. शनिवारी तोडणी आहे, ८५ बागायतदारांना गाडीची वेळ कळवायची आहे. खात्यात पैसे आहेत, पासवर्ड बरोबर आहे. प्रोग्राम काढून परत टाकला, फरक शून्य. लवकर सांगा राजेहो.

तारवाला:
कोणता प्रोग्राम? कटताना स्क्रीनवर कोणते शब्द येतात? किती सेकंदांनी कटते? ४०३ आलं तर सर्व्हरने ओळखलं पण परवानगी नाही, म्हणजे बॅलन्स किंवा त्या दिशेचे फोन बंद. ४०४ म्हणजे नंबर सापडला नाही. ४८४ म्हणजे नंबर अपुरा. ४८८ म्हणजे कोडेक (आवाज बारीक करून पाठवायची पद्धत) जुळलं नाही. ४०८ म्हणजे उत्तरच आलं नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. "लागत नाही" एवढ्यावर कोणीच काही सांगू शकत नाही भाऊ.

बिनतारी_यवतमाळ:
काही विचारायची गरज नाही. राउटरमधलं सिप एएलजी बंद करा. सिप म्हणजे इंटरनेट फोनची भाषा, आणि एएलजी तिच्यात हात घालणारी सोय. ते पाकिटाच्या (इंटरनेटवरून जाणाऱ्या मजकुराच्या गठ्ठ्याच्या) आतला पत्ता बदलायला जाते आणि सगळं बिघडवते. दहापैकी नऊ वेळा हेच असते.

पऱ्हाटी:
व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करा ना भाऊ. ८५ लोकांना एकच मेसेज.

मोर्शीरोड:
@पऱ्हाटी अर्ध्या लोकांजवळ साधा फोन आहे, आणि वेळ सांगितल्यावर समोरून 'हो' ऐकणं लागते.
@तारवाला मायक्रोसिप आहे. खाली 'ऑनलाइन' दिसते. कटताना 'रिक्वेस्ट टाइमआउट' येते. सेकंद मोजले नाही, अर्धा मिनिट असन.
@बिनतारी राउटरचा पासवर्ड केबलवाल्याजवळ आहे, तो फोन उचलत नाही.

तारवाला:
घड्याळ लावून मोजा. बरोबर ३२ भरले तर अर्थ पक्का आहे. इनव्हाइट (फोन लावायचा निरोप) पाठवल्यावर उत्तर नाही आलं की प्रोग्राम अर्ध्या सेकंदाने तेच पुन्हा पाठवतो. मग १, २, ४, ८, १६ सेकंद थांबत थांबत. एकूण सात वेळा, आणि ३२व्या सेकंदाला हात टेकतो. सर्व्हरला ते मिळालं असतं तर लगेच '१०० ट्राइंग' आलं असतं किंवा ४०१, ४०७ ने पासवर्ड मागितला असता. म्हणजे तुमचं ऑनलाइन होणं पोहोचते, पण फोन लावणं पोहोचत नाही.

बिनतारी_यवतमाळ:
मग तेच तर म्हणतो मी. एएलजी कधी कधी रजिस्टर (ऑनलाइन व्हायचा निरोप) जाऊ देते आणि इनव्हाइट खाऊन टाकते.

तारवाला:
असू शकते, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी केबलवाल्याची वाट कशाला? मोबाइलचा हॉटस्पॉट लावून त्याच कॉम्प्युटरवरून एक फोन लावा. लागला तर दोष राउटरचा. नाही लागला तर राउटर सुटला.

गोंडवन:
हॉटस्पॉटवर तर आपण बहुतेक कंपनीच्या सामायिक नॅटच्या (एकच पत्ता अनेकांत वाटणारी व्यवस्था) मागे असतो. तिथे यूडीपीची (पोच न घेता पाकिटं पाठवायची पद्धत) वाट अर्ध्या मिनिटात बंद होऊ शकते. कीप अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला अधूनमधून पाठवलेली टिचकी) १५ सेकंद करा, चालू होईल.

तारवाला:
वाट बंद झाली तर येणारे फोन मरतात, जाणारे नाही. यांचं उलटं आहे. कीप अलाइव्ह चांगली गोष्ट आहे, पण या रोगाची नाही.

मोर्शीरोड:
३२ च भरले. हॉटस्पॉटवर पण तसंच. आता काय?

बिनतारी_यवतमाळ:
विंडोजचा फायरवॉल पाहा.

तारवाला:
फायरवॉलने अडवलं असतं तर ऑनलाइनही झालं नसतं, तोच प्रोग्राम, तोच पोर्ट ५०६०. मोर्शीरोड भाऊ, मायक्रोसिपच्या सेटिंगमध्ये लॉग फाइल चालू करा, एक फोन लावा, ३२ सेकंद जाऊ द्या, मग फाइल उघडा. 'टीएक्स' म्हणजे गेलं, 'आरएक्स' म्हणजे आलं. टीएक्सच्या पुढे बाइट्सचा आकडा असतो. रजिस्टरचा आणि इनव्हाइटचा, हे दोनच आकडे इथे लिहा. अख्खी फाइल टाकू नका. तिच्यात तुमच्या खात्याचं नाव, पासवर्डपासून बनवलेला कोड आणि शेतकऱ्यांचे नंबर असतात.
आणि खरं सांगा, परवा काय बदललं होतं?

मोर्शीरोड:
काहीच नाही बदललं.
रजिस्टर ६१२. इनव्हाइट १८७४, सात वेळा. त्याच्यानंतर आरएक्स एकही नाही.

तारवाला:
१८७४! घ्या, सापडलं. इथरनेटचं एक पाकीट १५०० बाइट्सचं, पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून जोडलेलं ब्रॉडबँड) असलं तर १४९२. त्याच्यापेक्षा मोठं यूडीपी पाकीट दोन तुकड्यांत जाते. पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यावर असतो, म्हणून वाटेतले बरेच नॅट आणि फायरवॉल दुसरा तुकडा फेकून देतात. अर्धं इनव्हाइट सर्व्हरच्या काही कामाचं नाही, तो गप्प बसतो. रजिस्टर ६१२, एका पाकिटात मावते, म्हणून ऑनलाइन. येणाऱ्या फोनचं इनव्हाइट सर्व्हर बनवतो, त्यात दोन-तीनच कोडेक असतात, तेही मावते.
साध्या आवाजाच्या फोनचं इनव्हाइट १८७४ होतच नाही. व्हिडिओ चालू आहे काय? आइस (आवाजासाठी वाट शोधणारी सोय)? कोडेक किती निवडले?

मोर्शीरोड:
हो बाप्पा. परवा समोरच्याचा आवाज तुटून राहिला होता म्हणून डाव्या बाजूचे सगळे कोडेक उजवीकडे, चालू यादीत टाकले. आइसला पण टिक केली, व्हिडिओ चालूच होता. पण ते तर आवाजासाठी केलं, फोन लावण्याशी त्याचा काय संबंध?

पऱ्हाटी:
"काहीच नाही बदललं" 😄

तारवाला:
संबंध असा, की इनव्हाइटच्या पोटात यादी असते: मला हे हे कोडेक येतात, माझे हे हे पत्ते आहेत. प्रत्येक कोडेकची एक-दोन ओळी, व्हिडिओच्या वेगळ्या, आणि आइस तर कॉम्प्युटरच्या प्रत्येक पत्त्याची ओळ घालते. लॅन, वायफाय, शिवाय कोणतं व्हीपीएन टाकलं असेल तर त्याचीही.
करायचं असं. उजवीकडे जी.७११ ए-लॉ आणि जी.७२९ एवढेच ठेवा, बाकी सगळे डावीकडे. व्हिडिओ बंद. आइसची टिक काढा. प्रोग्राम नुसता लहान करू नका, पूर्ण बंद करून उघडा. मग लॉग पाहा, आकडा १३०० च्या आत आला पाहिजे.

गोंडवन:
त्यापेक्षा ट्रान्सपोर्ट टीसीपी (पोच घेत घेत पाठवायची पद्धत) करा, कितीही मोठं असलं तरी जाते. सिपचा नियमच आहे की १३०० बाइट्सच्या वर यूडीपी वापरू नये.

तारवाला:
नियम बरोबर. पण सेटिंगमध्ये यूडीपी पक्कं केलेलं असलं, किंवा पलीकडचा सर्व्हर टीसीपीवर ऐकतच नसला, तर ते लठ्ठ पाकीट यूडीपीनेच निघते. सेवा देणाऱ्याला विचारा, टीसीपी असेल तर घ्या. तरी यादी छाटाच, १५ कोडेक पाठवून वापरायचं एकच.

वर्धाकाठ:
मुळात असं इंटरनेटवरून लँडलाइन-मोबाइलला फोन लावणं आपल्याकडे चालते काय?

गोंडवन:
परवानाधारक कंपनीकडून नंबर घेतला असेल तर चालते, २०१८ मध्येच मोकळं झालं. इथे विषय तो नाही.

मोर्शीरोड:
इनव्हाइट ९८६ झालं. नागपूरचा ०७१२ वाला लँडलाइन लागला!! पण एकही मोबाइल लागत नाही. आता लगेच '४०४' येते, सेकंदभरात.

तारवाला:
उत्तर येऊन राहिलं, म्हणजे पहिला रोग गेला. हा दुसरा. नंबर कसा टाकता?

मोर्शीरोड:
एक्सेलमधून कॉपी करून. १० आकडी.

तारवाला:
तुमचा नंबर लँडलाइन मालिकेतला असेल. लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावणं १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

मोर्शीरोड:
० टाकलं होतं मी. एक्सेलमध्येच टाकलं होतं, सगळ्यांना.

पऱ्हाटी:
एक्सेल पुढचं शून्य खाते भाऊ. त्याच्या लेखी तो आकडा आहे. रकाना निवडा, फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मग ० टाका. उलटं केलं तर खाल्लेलं शून्य परत येत नाही.

बिनतारी_यवतमाळ:
एवढा कुटाणा कशाला, मायक्रोसिपच्या खात्यात 'डायलिंग प्रीफिक्स'मध्ये ० टाका. झालं.

गोंडवन:
मग नागपूरचा नंबर ००७१२ होईल. दोन शून्य म्हणजे परदेश. सेवा देणाऱ्याने परदेश बंद ठेवला असेल तर ४०३, चालू असेल तर कुठे लागेल देव जाणे.

बिनतारी_यवतमाळ:
लँडलाइन आहे कोणाजवळ आता वरुडात?

तारवाला:
कृषी कार्यालय, बँक, सगळ्यांजवळ. प्रीफिक्स नको. शेजारच्या रकान्यात राइट फंक्शनने शेवटचे १० अंक घ्या आणि त्याच्या पुढे अवतरणातलं शून्य जोडा. +९१ वाले, मधात जागा सोडलेले, सगळे एका रांगेत येतात. आधी जागा आणि डॅश काढून टाका, नाहीतर तेही अंकांमध्ये मोजले जातात.
आणखी एक. मोबाइलमधून कॉपी केलेल्या नंबरात कधी कधी न दिसणारं अक्षर चिकटून येते, मजकुराची दिशा सांगणारं. डोळ्याला नंबर बरोबर दिसतो, सर्व्हर ४०४ म्हणतो. लेन फंक्शनने मूळ रकान्यातल्या नंबराची लांबी पाहा. डोळ्याला दिसते तेवढीच पाहिजे. जास्त आली तर तो नंबर हाताने लिहा.

मोर्शीरोड:
लागला! चार मोबाइल लावले, चारही लागले. सहा नंबरांची लांबी जास्त निघाली, ते लिहून घेतो. पण आवाज थोडा तुटते अजून.

तारवाला:
जी.७२९ ला ए-लॉच्या वर ठेवा. ए-लॉला एका दिशेने ८० किलोबिट लागतात, जी.७२९ ला २४. सेवा देणाऱ्याकडे जी.७२९ नसेल तर फोन चालू असताना कॉम्प्युटरवरचं बाकी डाउनलोड थांबवा. कोडेक वाढवायचे नाहीत!

वर्धाकाठ:
आंबिया बहाराच्या संत्र्याला यंदा काय भाव सुरू आहे तिकडे?

मोर्शीरोड:
@वर्धाकाठ शनिवारी सांगतो. आता ८१ फोन बाकी आहेत.

बिनतारी_यवतमाळ:
केबलवाला आला की एएलजी बंद करूनच घ्या पण.