मदत हवी आहे: रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन घ्यावं की एकदाच विकत?

नमस्कार मंडळी. कोथरूडला घरातल्याच एका खोलीत मी अभंग आणि आरत्यांचं रेकॉर्डिंग करतो. ऑडिओ इंटरफेससोबत (माइक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) मिळालेलं एबलटन लाइव्ह लाइट हे सॉफ्टवेअर आता पुरत नाही. आठच ट्रॅक, म्हणजे आठच आवाज वेगवेगळे ठेवता येतात. पखवाजाचे दोन माइक, टाळ, पेटी, तानपुरा, मुख्य आवाज आणि कोरसचे दोन, की संपलं.

आषाढीपासून गणपतीपर्यंत कामाला उसंत नसते, एरवी शुकशुकाट. मग प्रो टूल्सचं सबस्क्रिप्शन तेवढ्या महिन्यांपुरतं घ्यावं का? ते बंद केल्यावर गायकाने जानेवारीत ‘दुसऱ्या कडव्यात टाळ जरा कमी करा’ म्हटलं, तर जुनं सेशन (त्या रेकॉर्डिंगची फाइल) कशात उघडायचं, ही खरी धास्ती आहे. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढची अपडेट्स फुकट. रीपरचं स्वस्त लायसन्स 60 डॉलरला, आधी 60 दिवस वापरून बघता येतं. माझा कल रीपरकडे आहे. 2023 मध्ये वेव्हज कंपनीने प्लगइन्स (आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअर) फक्त सबस्क्रिप्शनवर देण्याचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवला, तेव्हापासून भाड्याच्या सॉफ्टवेअरवर माझा भरवसा नाही.

रीपरमध्ये पखवाज-तबल्याचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग नियमित करणारं पुण्यात कुणी आहे का? आणि डॉलरमध्ये पैसे भरताना बँकेचे चार्जेस, जीएसटी धरून रुपयांत नेमके किती पडले?