ब्रायन रॉबसन मॅनेजर म्हणून नापास, हे खरंच पटतं का तुम्हाला?

मधली_फळी
परवा भाच्याशी जुंपली. त्याचं म्हणणं, इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे कर्णधार पुढे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाले की हमखास आपटतात. पुरावा म्हणून त्याने नाव घेतलं ब्रायन रॉबसनचं. आता आमच्या तरुणपणचा देवच तो, त्यामुळे मी उसळलो. पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा वाटलं, इथे विचारून बघावं.

खेळाडू म्हणून वाद नसावा. वेस्ट ब्रॉम क्लबमध्ये असताना वर्षभरात तीनदा पाय मोडला, तरी उभा राहिला. १९८१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी १५ लाख पाउंड मोजले, तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता. इंग्लंडकडून ९० सामने, त्यातल्या ६५ मध्ये कर्णधार. ८२ च्या वर्ल्डकपात फ्रान्सविरुद्ध २७ सेकंदांत गोल. ८४ मध्ये बार्सिलोनाकडून तिकडे ०-२ ने हरून आल्यावर ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानावर, ३-० ने उलटवलं, त्यातले दोन गोल याचे.

आता मॅनेजर. १९९४ मध्ये खेळाडू-मॅनेजर म्हणून मिडल्सबरोला गेला आणि पहिल्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून प्रीमियर लीगमध्ये आला. ९७ मध्ये लीग कप आणि एफए कप दोन्हींच्या फायनलला, ९८ मध्ये पुन्हा लीग कपच्या. त्याआधी सव्वाशे वर्षं जुन्या या क्लबाने मोठ्या स्पर्धेची फायनल कधी पाहिलीच नव्हती. तिन्ही हरला, कबूल. पण नापास?

कूपरेज_कट्टा
तुम्ही मधलं एक पान चिकटवून टाकलंत मालक. ९६-९७ मध्ये त्याचा संघ प्रीमियर लीगमधून पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला, ते लिहा की.

चेअरमन स्टीव्ह गिब्सनने तिजोरी उघडून दिली होती. ब्राझीलचा जुनिन्यो, एमर्सन, आणि वर रावानेली, जो महिन्या-दोन महिन्यांपूर्वी युव्हेंटसकडून युरोपचा चषक जिंकून आलेला. एकट्या त्याचे ७० लाख पाउंड. त्याने पहिल्याच सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध तीन गोल मारले, आणि तरी सामना ३-३! सगळा हंगाम त्यात आला. पुढे हिरे, मागे भोकं. लीगमध्ये ६० गोल खाल्ले. एमर्सन मध्येच ब्राझीलला निघून गेला, रावानेली सरावाच्या सोयींवरून उघड कुरकुरत होता. संघ बांधणं म्हणजे वरातीसाठी घोडे आणणं नव्हे.

मधली_फळी
@कूपरेज_कट्टा, ते तीन गुण तुम्हीही चिकटवलेत! २१ डिसेंबर १९९६, ब्लॅकबर्नविरुद्धचा सामना. बरोचे, म्हणजे मिडल्सबरोचे, २३ खेळाडू आजारी किंवा जखमी. क्लबाने कळवलं, आम्ही येऊ शकत नाही. लीगने तीन गुण कापले. हंगामाअखेर हातात ३९ गुण, वाचलेल्या कॉव्हेंट्रीचे ४१. मैदानावर कमावलेले ४२ होते, म्हणजे वाचले असते आणि कॉव्हेंट्री गेली असती. मग यात मॅनेजरचा दोष किती?

टीजकाठचा
मी गेली अठरा वर्षं मिडल्सबरोत राहतो. शेजारचे आजोबा इथल्या रिव्हरसाइड स्टेडियमचे जुने सीझन तिकीटवाले. त्यांच्यासमोर 'तीन गुण' एवढं म्हणा, चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. ब्लॅकबर्नशी तोच सामना मेमध्ये झाला, ०-०. तीन दिवसांनी लीड्सला शेवटची लढत १-१, जुनिन्योने बरोबरीचा गोल केला आणि शेवटी मैदानावर बसून रडला. त्या आठवड्याच्या शेवटी वेम्बलीवर चेल्सीविरुद्ध एफए कपची फायनल, आणि दि मात्तेओने पहिल्या मिनिटातच गोल ठोकला. आजोबा म्हणतात, आम्ही अजून खाली बसलोही नव्हतो.

बाहेरच्यांना कळत नाही ते हे: पोलाद आणि जहाजबांधणी आटत चाललेल्या या गावात ब्राझीलचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू राहायला आला. तो पोरांबरोबर रस्त्यात चेंडू खेळायचा, हे इथले लोक आजही सांगतात. रॉबसनचं नाव होतं म्हणून ते लोक आले. एखादा साधा प्रशिक्षक फोन करता तर जुनिन्योने उचलला असता का?

ऋतुजा_खिंड
सगळ्यांचा एक घोळ होतोय आणि तो क्रिकेटमुळे होतोय. आपल्याला कर्णधार म्हटलं की गोलंदाजी बदलणारा, फील्ड लावणारा, डाव घोषित करणारा माणूस दिसतो. फुटबॉलचा कर्णधार यातलं काहीही करत नाही. नाणेफेक, दंडावर पट्टी, पंचाशी बोलणं, आणि बाकीच्यांनी मान टाकली की स्वतः पळून दाखवणं. डाव मॅनेजर रचतो. मग 'इतका मोठा कर्णधार मॅनेजर म्हणून कसा चुकला' या प्रश्नात आश्चर्य कसलं? त्याने ते काम आयुष्यात केलेलंच नव्हतं.

रॉबसनची ताकद होती अंग झोकून देणं. खांदा निखळण्याचा धोका माहीत असून तो ८६ च्या वर्ल्डकपला गेला, आणि मोरोक्कोविरुद्ध तो निखळलाच. ही गोष्ट शिकवता येत नाही, विकतही मिळत नाही. बाकावर बसून ती कामाची नाही.

आणि पुढचं बघा. २००० च्या डिसेंबरमध्ये संघ तळाशी लोळत होता तेव्हा टेरी व्हेनेबल्सला सोबतीला आणावं लागलं, तेव्हा कुठे १४ वा नंबर आला. २००१ मध्ये रॉबसन गेला आणि स्टीव्ह मॅक्लारेन आला. खेळाडू म्हणून मॅक्लारेनचं नाव इथे किती जणांनी ऐकलंय? पण २००४ मध्ये बरोचा पहिला मोठा चषक, लीग कप, त्याने जिंकून दिला.

कूपरेज_कट्टा
ऋतुजाताई, टाळी!

मधली_फळी
ताई, मुद्दा लागला, नाकारत नाही. पण त्या २००४ च्या संघात जुनिन्यो होता हे विसरू नका. तो पुन्हा परत आला, कारण पहिल्यांदा रॉबसनने आणला होता. आणि आणखी एक. १९९८ च्या डिसेंबरमध्ये रॉबसनच्या बरोने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३-२ ने हरवलं. त्यानंतर युनायटेड त्या हंगामात एकदाही हरलं नाही आणि लीग, एफए कप आणि युरोपचा, असे तिन्ही चषक घेऊन गेलं.

सांजसकाळ
मध्येच तोंड घालतो. वेस्ट ब्रॉमचं कोणी बोलेना! नोव्हेंबर २००४ मध्ये तो तिकडे गेला. नाताळला संघ तक्त्यात सगळ्यात खाली. प्रीमियर लीगमध्ये तोवर नाताळला तळाशी असलेला एकही संघ वाचला नव्हता. १५ मे २००५, शेवटचा दिवस, चार संघ लटकलेले आणि वाचणार एकच. वेस्ट ब्रॉमने पोर्ट्समथला २-० ने हरवलं, पण ते पुरेसं नव्हतं. तिकडे नॉर्विच ६-० ने, साउदॅम्प्टन युनायटेडकडून हरले, आणि क्रिस्टल पॅलेस चार्लटनविरुद्ध २-१ ने पुढे असताना शेवटच्या आठ-दहा मिनिटांत बरोबरी झाली. ३४ गुणांवर वाचले. मी ते होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाहिलं, रिमोटसाठी मारामारी चालू असताना. त्यातला दुसरा गोल कीरन रिचर्डसनचा, ज्याला रॉबसनने जानेवारीत युनायटेडकडून उसना आणला होता.

कूपरेज_कट्टा
आणि पुढच्या वर्षी ३० गुणांवर तेच खाली गेले. त्याआधी ब्रॅडफर्ड, तेही घसरले. नंतर शेफील्ड युनायटेड, वर्षही पूर्ण झालं नाही. सर्कशीत एकदा उंच झोका घेतला म्हणून कोणी पायलट होत नाही.

मधली_फळी
ब्रॅडफर्डचं नाव घेऊ नका राव. तो क्लब त्याच हंगामात दिवाळखोरीच्या कारवाईत गेला होता.

ऋतुजा_खिंड
कर्णधार मॅनेजर होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. लिव्हरपूलचा जुना कर्णधार जेरार्ड, त्याने २०२०-२१ मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला लीगचे ३८ सामने न हरता १०२ गुण मिळवून दिले. पण सरावाचं काम मायकल बील बघायचा. बरोचा तो २००४ चा चषक उचलणारा कर्णधार साउथगेट, तोही नंतर तिथेच मॅनेजर झाला आणि २००९ मध्ये संघ घेऊन घसरला. मग तो इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघाबरोबर काम शिकला, आणि पुढे इंग्लंडला युरोच्या दोन फायनलपर्यंत घेऊन गेला. रॉबसनला शिकायला वेळच दिला नाही कोणी. ३७ व्या वर्षी, पाय अजून खेळत असताना, थेट खुर्ची.

सांजसकाळ
अवांतर: ८६ मध्ये रॉबसन जखमी झाल्यावर मधल्या फळीत ज्यांना जागा मिळाली त्यात पीटर रीड होता. मॅराडोनाच्या त्या दुसऱ्या गोलाच्या वेळी मागे धावत राहिलेल्यांपैकी एक. हाच रीड २०१४ मध्ये मुंबई सिटीचा पहिला प्रशिक्षक. डीवाय पाटीलवर पुण्याला ५-० ने चेचलं तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. पुणेकरांनी माफ करावं.

टीजकाठचा
अवांतरात माझीही भर. रिव्हरसाइडबाहेर बरोच्या जुन्या मैदानाचं, एअरसम पार्कचं, गेट आणून उभं केलंय, दोन बाजूंना दोन पुतळे. एक विल्फ मॅनियनचा, दुसरा जॉर्ज हार्डविकचा. हार्डविक इंग्लंडकडून १३ सामने खेळला आणि तेराही वेळा कर्णधार होता. नंतर ओल्डहॅमचा खेळाडू-मॅनेजर होऊन त्याने १९५३ मध्ये तिसऱ्या श्रेणीची उत्तरेकडची लीग जिंकली. भाच्याला सांगा, सगळेच आपटत नाहीत.

मधली_फळी
भाच्याला अख्खा धागा वाचायला दिला. हार्डविकवर काही बोलला नाही. म्हणाला, "मामा, त्या २३ जणांचं ठीक आहे, पण ज्युनियर पोरं घेऊन का नाही गेले? २०२१ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाचा अख्खा संघ कोव्हिडमुळे घरी होता, तरी त्यांनी एफए कपात लिव्हरपूलसमोर पोरं उतरवलीच ना? ४-१ ने हरली, पण बरोने तसं केलं असतं तर गुण कापायला कोणाला निमित्त मिळालं नसतं."

मी म्हटलं, काळ वेगळा होता. तर म्हणे, ब्लॅकबर्न तेच होतं.

कूपरेज_कट्टा
त्याला आयडी काढून द्या, तुम्ही विश्रांती घ्या.