भाड्याचा आकडा आणि इमारतीचा दर्जा
गोव्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यायचा, तर किनाऱ्यावरच्या कळंगुटच्या फ्लॅटला म्हापसा शहरातल्या फ्लॅटच्या दीडपट भाडे मिळते, म्हणून तोच घ्यावा, हे आपले म्हणणे मला पटत नाही. पर्यटकांसाठीच्या जागेला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली नोंदणी लागते आणि पावसाळ्यात ती बरीचशी रिकामी राहते. म्हापशातले नोकरदार कुटुंब मात्र बाराही महिने भाडे देते. शिवाय भाड्याइतकाच इमारतीचा दर्जाही पाहावा. फोंड्यातली एक जागा मी मुद्दाम भर पावसात, जुलैत पाहिली, तेव्हा ताज्या रंगाखालून खिडकीच्या कोपऱ्यात ओल उतरत होती आणि गच्चीच्या तुळईतली गंजलेली सळी उघडी पडली होती. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत वापरण्यास परवानगी दिल्याचा दाखला), एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद), मुंडकाराचा म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा हक्क, हे सारे वकिलाकडून तपासून घ्यावेच. विक्रेता विवाहित असल्यास जोडीदाराची सहीही गोव्यात विसरू नये.