सोळा टाइप आणि लैंगिक कल: प्रबंधाला हा विषय चालेल का?

शेवंती_एमए२

मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी विषय ठरवायचा आहे. इंटरनेटवरच्या एलजीबीटी गटांत मतचाचण्या होतात, त्यांत एमबीटीआय या स्वभावचाचणीतल्या 'आयएनएफपी', 'आयएनएफजे', 'ईएनएफपी' या चार अक्षरी टाइपांचा भरणा असतो आणि 'ईएसटीजे' औषधालाही सापडत नाही. एमबीटीआयच्या १६ टाइपांचा लैंगिक कलाशी खरंच काही संबंध आहे का? आराखडा असा: ५० समलिंगी, ५० भिन्नलिंगी, १६ टाइपांची एखादी फुकट ऑनलाइन चाचणी, आणि वर काय-स्क्वेअर (दोन गटांतली विभागणी वेगळी आहे का हे तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी). मार्गदर्शक म्हणाले, 'आधी वाचून या.' काय वाचू, आणि आराखड्यात काय बदलू?

मोजपट्टी

आहे तसा आराखडा नेऊ नका. १६ टाइप गुणिले २ गट म्हणजे ३२ खाने, आणि माणसं १००. खान्यामागे सरासरी तीनच जण पडतात. काय-स्क्वेअरला अपेक्षित वारंवारिता, म्हणजे दर खान्यात अपेक्षित माणसं, ५ च्या आसपास तरी लागते, नाहीतर एक माणूस या खान्यातून त्या खान्यात गेला की निष्कर्ष पालटतो.

खरी मेख टाइपातच आहे. बहिर्मुखतेचे गुण आलेखावर मांडा: बहुतेक लोक मधोमध दाटीने बसतात, दोन टोकांना दोन ढीग पडत नाहीत. चाचणी नेमकी त्या दाटीच्या मधोमध सुरी फिरवते. रेषेच्या अलीकडचा 'आय', पलीकडचा 'ई', मग दोघांत एका गुणाचा फरक का असेना. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदललेलं असतं. तुम्हाला शोधायचे फरक मुळातच बारीक आहेत, आणि अशा कापाकापीत आधी तेच हरवतात.

मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये एमबीटीआयच्या चार अक्षर-जोड्या बिग फाइव्हशी, म्हणजे स्वभाव पाच गुणांच्या पट्ट्यांवर मोजणाऱ्या मांडणीशी, ताडून पाहिल्या. ई-आय बहिर्मुखतेशी जुळतं, एस-एन ओपननेसशी म्हणजे नव्या अनुभवांच्या आणि कल्पनांच्या ओढीशी, टी-एफ सौजन्याशी, जे-पी नेटकेपणाशी. पाचवा गुण न्यूरॉटिसिझम, म्हणजे चिंता आणि भावनांची चढउतार. त्याला एमबीटीआयमध्ये जागाच नाही. तुमच्या विषयात तो वगळून चालणार नाही.

वाचायला सुरुवात अ‍ॅलन आणि रॉब्सन यांच्या २०२० च्या मेटा-अ‍ॅनालिसिसपासून, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षापासून, करा. पावणेचार लाखांहून अधिक लोकांची आकडेवारी त्यात आहे. ओपननेसमध्ये स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असणारे सर्वांत वर, मग समलिंगी, मग भिन्नलिंगी. नेटकेपणात दोघांचं आकर्षण असणारे इतर दोन्ही गटांपेक्षा खाली. समलिंगी पुरुष भिन्नलिंगी पुरुषांपेक्षा न्यूरॉटिसिझम, बहिर्मुखता, सौजन्य आणि नेटकेपणा या चारही गुणांत वर. समलिंगी स्त्रियांचं उलट: बहिर्मुखता, सौजन्य, नेटकेपणा या तिन्हींत भिन्नलिंगी स्त्रियांपेक्षा खाली. म्हणून स्त्री-पुरुष एकत्र करून 'समलिंगी' असा एकच गट केलात तर हे फरक एकमेकांना खाऊन टाकतील. तुमच्या ५०-५० मध्ये ही चूक आत्ताच दिसतेय.

त्यानंतर रिचर्ड लिपा. बीबीसीच्या इंटरनेट सर्वेक्षणावरचं त्यांचं काम २००८ चं. बिग फाइव्हमधल्या फरकांपेक्षा कितीतरी मोठे फरक त्यांना आवडीच्या व्यवसायांत आणि 'मी स्वतःला किती पुरुषी वा बायकी समजतो' या प्रश्नात दिसतात. स्वभाव आणि आवडी या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, त्यांची गल्लत करू नका.

उलटतपासणी

मतचाचण्यांबद्दल दोन शब्द. एमबीटीआयच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय नमुन्यात 'एस' (सेन्सिंग, प्रत्यक्ष तपशिलांवर भर) बाजूचे लोक जवळपास तीन-चतुर्थांश भरतात. टाइपांवर तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या गटांत मात्र 'एन'वाल्यांचीच (इंट्यूशन, कल्पनांवर भर) गर्दी. तुलना करायची तर त्याच संकेतस्थळावरच्या भिन्नलिंगी सदस्यांशी करा. तिथेही 'आयएनएफपी'च दिसतील.

दुसरी गोम: ज्याचा ओपननेस जास्त, तो आपला कल स्वतःशी मान्य करण्याची, आणि अनोळखी सर्वेक्षणात टिकमार्क करण्याचीही, शक्यता जास्त. मग फरक कलातला की कबुलीतला? निनावीपणा वाढवला की हा प्रश्न थोडा सौम्य होतो, संपत नाही.

आणि कृपा करून 'टाइपावरून ओळखा' या वळणावर जाऊ नका. हिशेब करून बघा. समजा १००० जणांत ५० समलिंगी आहेत (हा आकडा फक्त उदाहरणापुरता) आणि ओपननेसमधला फरक ०.३ प्रमाण विचलनाचा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) आहे. भिन्नलिंगी सरासरीच्या एक प्रमाण विचलन वर रेघ मारली तर ९५० पैकी साधारण १५१ आणि ५० पैकी साधारण १२ जण रेघेच्या वर येतात. म्हणजे 'फार मोकळ्या विचारांच्या' १६३ जणांत समलिंगी १२, सात टक्क्यांच्या आसपास. न बघता सांगितलं असतं तर पाच टक्के. एवढ्यासाठी कुणाच्या घरात संशयाची काडी टाकायची?

जुनीफाईल

वरच्या यादीत एव्हलिन हूकर राहिल्या. १९५७ च्या त्यांच्या अभ्यासात ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष होते, वय, बुद्ध्यांक आणि शिक्षण जुळवून जोड्या लावलेले. रोर्शाकसारख्या (शाईचे डाग दाखवून 'काय दिसतं?' विचारणाऱ्या) प्रक्षेपण चाचण्यांची उत्तरं नावं-गाव झाकून तज्ज्ञांपुढे ठेवली. उत्तरांवरून कोण समलिंगी हे त्यांना ओळखता आलं नाही, मानसिक समायोजनातही फरक दिसला नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली, त्यामागच्या पुराव्यांत हे काम मोलाचं.

न्यूरॉटिसिझमच्या फरकाचं कारण लिहिताना जपून. इलन मायर यांची 'मायनॉरिटी स्ट्रेस' मांडणी (२००३ चा लेख) सांगते की भेदभाव, तो होईल याची सततची धास्ती, लपवाछपवी आणि आत मुरलेली लाज यांनी ताण वाढतो. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून 'स्वभावच चिंतातुर' आणि 'परिस्थितीने चिंतातुर केलं' हे वेगळं काढता येत नाही. लपवाछपवीचं वेगळं मापन जोडा, निदान घरी किती जणांना माहीत आहे एवढं तरी.

@मोजपट्टी, जनुकांचा मुद्दाही घालायला हवा होता. गन्ना आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात, पावणेपाच लाखांवर लोकांच्या माहितीत, समलिंगी वर्तनाचा ओपननेसशी जनुकीय सहसंबंध दिसला, म्हणजे दोन्हींशी निगडित जनुकीय फरक काही अंशी सामाईक निघाले.

मोजपट्टी

मुद्दाम घातला नाही. तिथे विचारलं होतं ते 'स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीशी कधी लैंगिक संबंध आला का' एवढंच. नवं काही करून बघणाऱ्याचं उत्तर 'हो' येण्याची शक्यता तशीही जास्त. ते वर्तन आहे, कल नव्हे. प्रबंधात घ्यायचंच तर या शेऱ्यासकट घ्या.

शेवंती_एमए२

म्हणजे टाइप सोडून बिग फाइव्ह, आणि स्त्री-पुरुष वेगळे. नमुना किती लागेल? आणि प्रश्नावली मराठीत करायची आहे.

मोजपट्टी

०.३ चा फरक ८० टक्के पॉवरने (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) पकडायला दर गटात १७५ लागतात. पाच गुणांसाठी पाच कसोट्या म्हणून सार्थकता पातळी (फरक नसताना 'आहे' म्हणण्याची चालवून घेतलेली शक्यता) नेहमीच्या ०.०५ ऐवजी ०.०१ धरली तर साधारण २६०. फरक ०.२ असेल तर ०.०५ लाच ३९४. एमएच्या वर्षभरात चारही गट जमणार नाहीत, तेव्हा फक्त पुरुष किंवा फक्त स्त्रिया घ्या आणि एकच गृहीतक आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ ओपननेस. किंवा कल गटांत न कापता ० (फक्त भिन्नलिंगी) ते ६ (फक्त समलिंगी) च्या किन्सी पट्टीवर घेऊन सहसंबंध काढा.

साधन म्हणून बीएफआय-२ ही बिग फाइव्हची प्रश्नावली घ्या, ६० विधानं आहेत. ती नको असतील तर आयपीआयपी हा स्वभाव-विधानांचा संग्रह कुणालाही वापरायला मुक्त आहे.

उलटतपासणी

भाषांतरात एक खड्डा हमखास लागतो. 'उभयलिंगी' असा पर्याय दिलात तर निम्मे लोक शाळेतलं गांडूळ आठवतील. शरीररचनेचा शब्द आहे तो. ओळखीचं लेबल न देता विचारा: 'तुम्हाला कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटतं? फक्त पुरुष, बहुतांशी पुरुष, दोघंही सारखे, बहुतांशी स्त्रिया, फक्त स्त्रिया, कुणाबद्दलच नाही.' आकर्षण, प्रत्यक्ष संबंध आणि स्वतःची ओळख हे तीन वेगळे प्रश्न ठेवा. लग्न झालेल्या पुरुषांत तिन्हींची उत्तरं सहज तीन निघतात. तृतीयपंथी हा कलाच्या प्रश्नातला पर्याय नव्हे, तो लिंगभावाच्या प्रश्नात जाईल.

विधानांत दुहेरी नकार टाळा. 'मी अव्यवस्थित नसतो' याला 'असहमत' म्हणताना माणूस गडबडतो आणि अल्फा (एका गुणाची विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.७० च्या खाली घसरू शकतो. मराठीतून परत इंग्रजीत दुसऱ्याकडून उलटं भाषांतर करून घ्या, मग ३० जणांवर चाचपणी.

एका संस्थेच्या ओळखीतून साखळी लावून सगळा नमुना गोळा करू नका. एकमेकांचे मित्र स्वभावाने सारखे निघतात. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद ठेवा, आणि 'उत्तर एकदाच देता येईल' हेही बंद, कारण त्यासाठी लॉगिन मागितलं जातं आणि तिथेच लोक परत फिरतात. वय गटात विचारा, गाव विचारू नका, जिल्हा पुरे. लहान तालुक्यात वय, व्यवसाय आणि गाव एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

शेवंती_एमए२

गांडुळाचं लक्षातच आलं नव्हतं. फक्त पुरुष, ओपननेस, किन्सी पट्टी असं घेऊन सोमवारी मार्गदर्शकांकडे जाते. नीतिमत्ता समितीचा अर्ज आधी भरायचा की चाचपणी आधी?

जुनीफाईल

अर्ज आधी. चाचपणीतले ३० जणही माणसंच आहेत, त्यांचीही संमती लागते.