मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये लीझहोल्ड फ्लॅट घेतोय, पुण्यातल्या घरामुळे स्टॅम्प ड्युटी वाढेल का?

रीडिंगवासी:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं रीडिंगला भाड्याने राहतो. आता दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत पडलाय. 2,85,000 पौंडांची ऑफर मान्य झाली आहे, मॉर्गेजही मंजूर आहे. लोकल अथॉरिटी, ड्रेनेज, पर्यावरण असे सगळे सर्च (घराबद्दलच्या अधिकृत चौकशा) आले, त्यात काही वावगं निघालं नाही. इस्टेट एजंट रोज फोन करून म्हणतो की शुक्रवारी एक्स्चेंज (व्यवहार पक्का करणारी करारांची अदलाबदल) करून टाका, नाहीतर विकणारे दुसरं गिऱ्हाईक बघतील.

आणि नेमका आत्ताच सॉलिसिटरकडून फॉर्म आला: तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर जगात कुठेही घर आहे का?

आहे. सिंहगड रोडचा फ्लॅट नवरा आणि सासरे यांच्या नावावर निम्मा-निम्मा आहे. तिथे सासू-सासरे राहतात, भाड्याचा एक रुपया येत नाही. आजच्या भावाने सव्वा कोटीच्या आसपास जाईल. माझ्या नावावर कधीच काही नव्हतं. पहिलं घर घेणाऱ्याला 3 लाख पौंडांपर्यंत ड्युटी शून्य, हे धरूनच आम्ही पैसे जमवलेत. फ्लॅट फक्त माझ्या नावावर घेतला तर सुटका होईल का?

दुसरा घोळ लीझचा, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्याचा. 125 वर्षांचं लीझ, त्यातली 81 उरली आहेत. ग्राउंड रेंट (जागेच्या मालकाला द्यायचं भाडं) वर्षाला 250 पौंड, दर 25 वर्षांनी दुप्पट. ऑफिसातला एकजण म्हणाला की 80 च्या खाली गेलं की लीझ वाढवणं महागात पडतं. खरं आहे का? शिवाय विकणाऱ्यांनी भरलेल्या माहितीत छताच्या कामासाठी सेक्शन 20 ची नोटीस (मोठ्या खर्चाची आगाऊ सूचना) आल्याचा उल्लेख आहे, पण रक्कम कोरी. मॅनेजिंग एजंटकडून (इमारतीची देखभाल बघणाऱ्याकडून) उत्तर यायचंय, एवढंच सॉलिसिटर सांगते.

शुक्रवारी सही करावी का? डिपॉझिट 10 टक्के, म्हणजे 28,500 पौंड. त्यातले काही सासऱ्यांनी पाठवलेत, त्याचेही कागद मागितलेत.

खडीसाखर:

शुक्रवारी काहीही करू नका. आधी ड्युटी.

तुम्ही दोघं एकत्र राहणारे नवरा-बायको असलात की अधिभारासाठी, म्हणजे आधीचं घर असताना लागणाऱ्या जादा ड्युटीसाठी, तुम्हाला एकच धरतात. फ्लॅट एकटीच्या नावावर घेतलात तरी नवऱ्याचं पुण्याचं घर मोजलं जातं. त्याच्या हिश्श्याची किंमत 40,000 पौंडांच्या आत असती तर गोष्ट वेगळी होती, पण सव्वा कोटीचा निम्मा हिस्सा त्याच्या वर जातो. भाडं येतं की नाही, तिथे कोण राहतं, याला महत्त्व नाही. आणि अधिभार लागला की पहिल्या घराची सवलतही मिळत नाही.

2,85,000 वर नेहमीच्या दराने 4,250 पौंड होतात: पहिल्या सव्वा लाखाला शून्य, पुढच्या सव्वा लाखाला 2 टक्के, उरलेल्या 35,000 ला 5 टक्के. त्यावर संपूर्ण किमतीच्या 5 टक्के अधिभार, म्हणजे 14,250. एकूण 18,500. कुठे शून्य आणि कुठे साडेअठरा हजार! कम्प्लीशननंतर (घर ताब्यात येऊन व्यवहार पुरा झाल्यावर) 14 दिवसांत भरावे लागतात, म्हणजे एक्स्चेंजआधीच ते बाजूला काढून ठेवलेले हवेत. फॉर्मात मात्र खरं तेच लिहा. 'पुण्याचं इथे कोणाला कळतंय' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

थेम्सकाठचा:

खडीसाखर यांनी सांगितलंच आहे, मी लीझबद्दल लिहितो. तुमच्या ऑफिसातला तो बरोबर म्हणाला. लीझ वाढवल्यावर फ्लॅटची किंमत वाढते. 80 वर्षं किंवा त्याहून कमी उरलेली असतील तर त्या वाढीतला निम्मा भाग फ्रीहोल्डरला (जागेच्या मूळ मालकाला) द्यावा लागतो, त्याला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. 80 पेक्षा जास्त असतील तर द्यावा लागत नाही. कोणत्या तारखेला? ज्या दिवशी तुम्ही वाढीची नोटीस देता, त्या दिवशी. म्हणजे तुमच्या हातात फार तर वर्षभर आहे.

आता यातली मेख. पूर्वी नोटीस द्यायला दोन वर्षं मालकी लागायची, ती अट 31 जानेवारी 2025 ला गेली. पण लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव चढेपर्यंत तुम्हाला नोटीस देता येत नाही, आणि नाव चढायला महिनोन् महिने लागू शकतात. म्हणून इथे रीत अशी आहे की विकणाऱ्यानेच कम्प्लीशनआधी सेक्शन 42 ची, म्हणजे लीझवाढीची, नोटीस द्यायची आणि तिचा हक्क कम्प्लीशनच्या वेळी तुमच्याकडे सोपवायचा. ही अट करारात आली पाहिजे, आणि करार एक्स्चेंजला पक्का होतो. नंतर विकणारा ते कशाला करेल? लीझवाढीच्या 1993 च्या कायद्याने तुम्हाला 90 वर्षं जास्तीची मिळतात आणि ग्राउंड रेंट नावापुरता उरतो, त्यामुळे दुपटीचाही प्रश्न मिटेल. 2024 च्या नव्या कायद्यात 990 वर्षं आहेत आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, पण ती कलमं अजून लागू झालेली नाहीत. त्यांची वाट बघत बसू नका.

सेक्शन 20 चं ऐका. एका फ्लॅटवर 250 पौंडांच्या वर भार पडणार असेल तर काम करण्याआधी ही नोटीस द्यावी लागते. छप्पर म्हटल्यावर आकडा हजारांत असू शकतो. आमच्या इमारतीत मॅनेजिंग एजंटने खर्चाचा तक्ता पाठवला, त्यात 'मचाण उभारणी' या एका ओळीचा आकडा कौलांपेक्षा मोठा होता. तुमच्या सॉलिसिटरला सांगा, विकणाऱ्यांच्या पैशातून काही रक्कम सॉलिसिटरकडे अडकवून ठेवायची. रिटेन्शन म्हणतात. बिल आलं की त्यातून भरायचं.

सदाशिवपेठी:

नवऱ्याने आपला हिस्सा वडिलांना बक्षीसपत्राने देऊन टाकला तर?

खडीसाखर:

चांगला प्रश्न. कम्प्लीशनच्या दिवसाअखेर त्याच्या नावावर घर नसेल, तर अधिभार जातो. मग फक्त ताईंच्या नावावर खरेदी केली तर सवलत मिळून ड्युटी शून्य. पण बँक त्यांच्या एकटीच्या पगारावर तेवढं मॉर्गेज देईल का? दोघांच्या नावावर घेतलं तर 4,250 भरावे लागतात, कारण नवरा एकदा मालक होऊन गेलाय.

आणि फुकट दिलं तरी ते फुकट नसतं. इथला रहिवासी वडिलांना घर देतो, तेव्हा इथला कर विभाग ते बाजारभावाने विकलं असं धरतो, कॅपिटल गेन्सचा हिशेब होतो. पुण्यात बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं आणि 200 रुपयांची मुद्रांक शुल्काची सवलत बापाने मुलाला देताना आहे, मुलाने बापाला देताना नाही. वर नात्यातलं वेगळंच. उद्या नणंद, दीर वाटा मागतील तेव्हा काय? 14,250 वाचवायला एवढं करायचं का, हे तुम्हीच ठरवा.

थेम्सकाठचा:

डिपॉझिटचं राहिलं. सासऱ्यांचं पत्र हवं: पैसे भेट आहेत, परत नकोत, घरात हक्क सांगणार नाही. सोबत त्यांचं ओळखपत्र आणि पैसे जिथून आले त्या खात्याचा उतारा. एफडी सहकारी बँकेत असेल आणि पावती मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या.

रीडिंगवासी:

खूप आभार. काल संध्याकाळी एजंटला शुक्रवार जमणार नाही असं कळवलं. तो म्हणाला विकणारे नाराज होतील. एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्याच आहेत, तसं बोलून टाकलं. सॉलिसिटरला तीन गोष्टी लेखी मागितल्या: ड्युटीचा अंदाज, सेक्शन 42 ची अट, छताच्या खर्चाची रिटेन्शन. सासऱ्यांशी बक्षीसपत्राचा विषय काढायचा नाही, असं नवऱ्याने सांगितलंय. म्हणजे 18,500 धरून चालतोय. विकणाऱ्यांकडे किंमत थोडी कमी करायला सांगावी का, लीझ आणि छप्पर पुढे करून? इथे ऑफर मान्य झाल्यावर असं करणं कितपत चालतं?

थेम्सकाठचा:

चालतं. छताचा आकडा हातात आल्यावर मागा, त्याआधी नको.