कोचीला जाताय? मट्टानचेरीसाठी तरी गाईड घ्याच (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅटचे नंबर)

बी-२०३: नमस्कार सगळ्यांना. एक विचारायचं होतं, पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण कोचीला चाललोय, बुधवारी सकाळी पोचतो आणि शनिवारी दुपारी परत निघतो. सोबत सासूबाई आहेत, ७२ वर्षांच्या, चालतात पण जिने फार नको. तिथे आपल्यापुरता वेगळा गाईड करावा का? ह्यांचं म्हणणं मोबाईल आहे की, कशाला खर्च. कोणी जाऊन आलंय का?

सी-१०४: आम्ही गेलो होतो वहिनी. गाईड नव्हता केला, दिवसभराची गाडी केली होती आणि ड्रायव्हर म्हणाला मीच दाखवतो सगळं. अर्धा दिवस मसाल्याच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत गेला, प्रत्येक ठिकाणी चला फक्त बघा म्हणून उतरवायचा. मट्टानचेरीच्या राजवाड्याशी गेलो तर बंद, शुक्रवार होता. आईला फार वाईट वाटलं, तिला ती रामायणाची चित्रं बघायची होती.

बी-२०३: अरे बापरे. शुक्रवारी बंद असतो का

ए-५०१: हो शुक्रवारी राजवाडा बंद आणि शनिवारी ज्यूंचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनेची जागा बंद कारण त्यांचा शब्बाथ, आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, म्हणून तू गुरुवारच धर. आणि गाईड घे गं, पण पूर्ण कोचीसाठी नको. फोर्ट कोची म्हणजे समुद्राकाठचा भाग, तो तुमचा तुम्ही आरामात बघाल, सगळं सपाट आहे आणि जवळजवळ आहे, सासूबाईंना काही त्रास नाही. गाईड लागतो तो मट्टानचेरीला, म्हणजे जुन्या बाजाराच्या भागाला. तिथे बाहेरून बघितलं तर जुन्या वखारी, टेम्पो, पोती, गर्दी, माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो आणि खरं कोची तिथेच आहे. आम्ही गेल्या वर्षी चौघी मैत्रिणी गेलो होतो, सविस्तर लिहिते, जेवण झालं की.

सचिव: सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या सकाळी ११ ते २ टाकी साफ करायची असल्याने पाणी बंद राहील.

डी-३०२: ओके सर

ए-५०१: हां, लिहिते आता. आमची गाईड त्याच भागातली, चेरलाईला राहणारी बाई, पन्नाशीची असेल, सरकारी बिल्ला होता गळ्यात. आम्ही आपसात मराठीत बोलत होतो तर तिने पाण्याची बाटली पुढे करून विचारलं, उदक जाय? म्हणजे पाणी हवं का. आम्ही बघतच राहिलो. तिच्या घरी कोंकणी बोलतात. १६ व्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून जी सारस्वत कुटुंबं समुद्रमार्गे खाली आली त्यातली ती. कोचीच्या राजाने त्यांना मट्टानचेरीत आसरा दिला, तिरुमला देवाचं मोठं देऊळ आहे त्यांचं. इतक्या पिढ्या झाल्या, बाहेर सगळं मल्याळम, पण घरात अजून आवय (आई) आणि उदक. तिच्या कोंकणीत मल्याळमचा हेल आहे, सगळं नाही कळत, पण निम्मं कळलं तरी डोळ्यात पाणी येतं खरंच.

बी-२०३: किती छान काकू!! हे माहीतच नव्हतं

ई-६०१: आम्ही मूळ वेंगुर्ल्याचे, घरात मालवणी, त्यामुळे हे वाचून फार जवळचं वाटलं. आमच्याकडेही डचांची वखार आहे, पडकी झालीय. कोचीत पण डचच होते ना?

ए-५०१: आधी पोर्तुगीज, मग १६६३ ला डचांनी घेतलं, मग १७९५ ला इंग्रज. म्हणून त्या राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, राजाला नजराणा म्हणून, डचांनी फक्त दुरुस्त केला. आता तुमच्या डचांवरून सांगते, मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट ही. त्यांचा एक अधिकारी होता व्हान र्‍हीडे, त्याने मलबारच्या झाडापाल्याचा मोठा ग्रंथ करून घेतला, हॉर्टस मलाबारिकस, १२ खंड, १६७८ पासून आम्स्टरडॅमला छापला. त्यात इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य होते आणि तीन कोंकणी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. ह्या तिघांनी आम्ही ही माहिती दिली असं १६७५ साली लिहून दिलं ते कोंकणीत आणि नागरी लिपीत, आणि ते पान जसंच्या तसं त्या ग्रंथात आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरचं वर्ष बघा. गाईडबाईंनी देवळाबाहेरच्या पारावर बसून पिशवीतून त्या पानाची झेरॉक्स काढली, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली, कोपरे मऊ झालेले. अक्षरं जुन्या वळणाची, शब्द न तोडता लिहिलेली, पण मी बोट ठेवून ठेवून काही शब्द लावले. ती म्हणाली मराठी लोक आले की मी हे मुद्दाम आणते कारण ते वाचतात. आता हे मोबाईलवर बघत फिरून कळलं असतं का, म्हणून सांगते तुझ्या ह्यांना.

बी-२०३: ह्यांना वाचून दाखवलं, गप्प झालेत आणि म्हणतायत गाईड करू

सी-१०४: काकू त्या सिनेगॉगमध्ये काय आहे विशेष? आम्ही बाहेरूनच गेलो.

ए-५०१: १५६८ चं आहे. चपला बाहेर काढायच्या आणि आत पायाखाली निळ्या पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या. वाकून बघ, फांद्या झाडं सगळी रेष हाताची आहे, गार लागतात पायाला. वर काचेची झुंबरं. आणि शेजारीच राजवाड्याचं देवीचं देऊळ, दोघांत एक भिंत. घंटा आणि त्यांची प्रार्थना भिंतीच्या अलीकडे पलीकडे. पण आता ज्यू कुटुंबं जवळपास उरली नाहीत, १९४८ नंतर इस्रायलला गेली. गल्लीतल्या घरांच्या खिडक्यांच्या जाळीत अजून तो सहा टोकांचा तारा दिसतो, घरात दुकानं आहेत. मला तिथे थांबवेना जास्त.

डी-३०२: आमच्या अलिबागला इस्रायल आळी आहे ना, आजोळच्या शेजारी शनवार तेली होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. आजी सांगायची ते मराठीच बोलायचे आपल्यासारखं. नवगावला त्यांचं स्मारक आहे.

ए-५०१: हो आणि कोचीचा नि अलिबागचा धागा आहे. आपल्या बेने इस्रायली लोकांना, म्हणजे तुमच्या ह्याच ज्यू शनवार तेल्यांना, धर्मविधी शिकवायला १९ व्या शतकात कोचीहून ज्यू शिक्षक आले होते. आमच्या गाईडला अलिबाग हे नाव माहीत होतं!

डी-३०२: अंगावर काटा आला. आईला सांगते

बी-२०३: काकू मुलांना काय आवडेल? मोठा नववीत आहे, लगेच कंटाळतो

ए-५०१: त्याला चिनी जाळी दाखव, सकाळी लवकर, फोर्ट कोचीच्या काठावर. नुसता फोटो काढून येऊ नका, अर्धा तास उभे राहा. काठाला मोठं लाकडी मचाण असतं त्यावर चार पाच माणसं आणि एवढा मोठा लाकडी सांगाडा, पुढे जाळं आणि मागे दोऱ्यांना लटकवलेले दगड, डोक्याएवढे, प्रत्येक दोरी वेगळ्या लांबीची. एक माणूस आडव्या वाशावर चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. मग सगळे मिळून दोर ओढतात आणि दगड एकेक करून खाली टेकतात, म्हणजे वजन आपोआप कमी जास्त होत जातं. शाळेत तरफ झालीय ना त्याची, लगेच ओळखेल. आमच्यासमोर आलं तेव्हा जाळ्यात मूठभर मासळी आणि बराचसा कचरा, जलपर्णी. एवढे लोक ओढतायत आणि मूठभर मासळी. त्यांनी दोर धरायला बोलावलं तर जा, पण मग थोडे पैसे द्या, मनापासून द्या.

ई-६०१: वास्को द गामाचं थडगं पण तिथेच ना?

ए-५०१: सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये. १५२४ ला कोचीतच वारला, नंतर अस्थी पोर्तुगालला नेल्या, आता फक्त जागा आहे. त्या चर्चमध्ये जुने कापडी पंखे आहेत, बाहेरून दोरीने ओढायचे. पण पाच मिनिटं पुरे, तो वेळ राजवाड्यातल्या चित्रांना द्या. राजाच्या झोपायच्या खोलीत भिंतभर रामायण, दशरथाच्या यज्ञापासून सुरू होतं. सासूबाईंना तिथे बसू दे निवांत. आत फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे. सी-१०४ तुम्ही पण आईंना घेऊन परत जा, शुक्रवार सोडून.

सी-१०४: जाणारच आहे काकू. नेत्रावती एक्सप्रेसचं बुकिंग बघतोय. गाईडचे पैसे कसे ठरवायचे?

ए-५०१: आधीच ठरवा, अर्धा दिवस म्हणून, माणशी नाही तर पूर्ण ग्रुपचे. पर्यटन खात्याचा बिल्ला बघा. आणि फोनवरच स्पष्ट सांगा की आम्हाला एकही दुकान नको, काही घ्यायचं असेल तर आम्ही सांगू. आमची गाईड एका सुंठीच्या वखारीत घेऊन गेली पण ते विकायला नाही, अंगणात सुंठ पसरलेली आणि बायका चाळण घेऊन निवडत बसलेल्या, चुन्याने हात पांढरे. वासाने नाक झोंबतं. आणि सासूबाई असल्याने मधे रिक्षा ठेवा. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जाताना मात्र टॅक्सी नको, हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो घ्या, एसी बोट आहे, चढायला सोपी.

बी-२०३: काकू किती थँक्यू म्हणू. त्या गाईडचा नंबर मिळेल का?

ए-५०१: ग्रुपवर नको टाकायला, बाईमाणूस आहे. आधी तिला फोन करून विचारते आणि मग तुला पर्सनलवर पाठवते. गुरुवार सकाळ ना?

बी-२०३: हो गुरुवार. सासूबाई विचारतायत ते नागरी अक्षरांचं पान त्या आणतील ना, त्यांचा चष्मा परवाच नवीन केलाय

ए-५०१: सांगते तिला. नक्की आणेल.