ओके, बाय, नाइस... हे एवढेसे शब्द आले कुठून?

शब्दवेडी:
दिवसभर ओके, बाय, नाइस चालू असतं आपलं, पण काल लेकीने विचारलं 'आई, बाय म्हणजे नक्की काय गं?' आणि मला काही धड सांगताच येईना. मोठ्या शब्दांचं लॅटिन-ग्रीक मूळ पटकन सापडतं, या चिमुकल्या शब्दांचं काय? कुणाला माहीत असेल तर सांगा ना, तिला सांगायचंय.

जुनी_वही:
बाय हा गुडबायचा शेवटचा तुकडा, आणि गुडबाय म्हणजे मूळचं आख्खं वाक्य, 'गॉड बी विथ यी', देव तुमच्यासोबत असो. रोज घाईत म्हणून म्हणून ते झिजत गेलं, आणि गुड डे वगैरेंच्या नादाने गॉडचं गुड झालं. म्हणजे बायमध्ये आता फक्त 'सोबत असो'चा चुरा उरलाय, देव केव्हाच गळून गेला. मला हे फार सुंदर वाटतं.

पाटीपेन्सिल:
ओकेचा तर चक्क पहिला छापील पुरावा आहे, २३ मार्च १८३९, बोस्टन मॉर्निंग पोस्ट. तेव्हा तिकडे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं करायची फॅशन होती, त्यात 'ऑल करेक्ट' हे ओ आणि के ने लिहिलं. बाकीची बहुतेक मेली, हेच टिकलं, कारण १८४० च्या अमेरिकन निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांचं टोपणनाव ओल्ड किंडरहूक होतं आणि समर्थकांनी ओके हीच घोषणा केली. हे शोधून काढलं भाषा-अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी, १९६० च्या दशकात.

कानामात्रा:
नाइसची गंमत सांगते. लॅटिन नेस्कियस, म्हणजे 'न जाणणारा'. मध्ययुगीन इंग्रजीत कुणाला नाइस म्हटलं की मूर्ख म्हटल्यासारखं, मग अर्थ सरकत सरकत चोखंदळ, काटेकोर असं करत १८व्या शतकात छान-गोड वर आला.
पण लेकीला निकनेम सांगा आधी. पूर्वी होतं एकनेम, यातला 'एक' म्हणजे आपला एक नव्हे हं, 'जादाचं'. जादाचं नाव. 'ॲन एकनेम' भरभर म्हटलं की न पुढच्या शब्दाला चिकटतो. ॲप्रन आणि अंपायरचं नेमकं उलटं, ते होते नॅप्रन आणि नंपायर, त्यांचा न मागच्या 'अ' ने पळवला.

शब्दवेडी:
आत्ताच तिला 'ॲन एकनेम, ॲन एकनेम' असं भरभर म्हणायला लावलं, चौथ्या वेळेला स्वतःच ओरडली 'अगं आई, निकनेम!' आता ती घरभर 'न'ची चोरी झालेले शब्द शोधत फिरतेय, अजून असतील तर टाका प्लीज.